काकाच्या लग्नाची घागर

निकारेतेच्या बापाचे तिसाव्या दिवसाचे विधी उरकले आणि दुसऱ्याच सकाळी थ्रासोन काका दारात उभा राहिला. अंगाला बंदरावरच्या खाऱ्या मासळीचा वास, हातात अंजिरांची परडी. आई फानो काय ते समजली. घरात मुलगा नाही, मुलगी एकटी. अशा वेळी अथेन्सच्या कायद्यानं घर, भांड्यांची भट्टी आणि मुलगी, तिन्ही जातात बापाच्या सर्वांत जवळच्या पुरुषाकडे. काकानं या लग्नासाठी आपल्या बायकोला आधीच माहेरी धाडलं होतं.

निकारेते सतरा वर्षांची. बापाची नजर अधू झाल्यापासून कुंभारवाड्यातली त्याची सगळी भांडी तीच रंगवायची. बुडाला नाव मात्र बापाचं. विहिरीवरच्या बायका तिला म्हणाल्या, नशीब काढलंस, नवरा मिळाला आणि वर जन्मभराची मासळी. त्या हसल्या, ती हसली नाही. काकानं तिला बजावलं होतं की भट्टी तो बंद करणार. त्याच्या घरच्या बाईनं चिखलात हात घालायचे नाहीत. हात काढून घेतले तर आपलं उरतं काय, हे तिला कळेना.

मग काकाच म्हणाला, "लग्नाच्या न्हाणाचं पाणी आणायची घागर घरचीच होऊ दे. तिच्यावर वरात रंगव. रथ, मशाली. आणि पोरी, मला जरा तरुण काढ."

बापानं चाकावरून उतरवलेली शेवटची घागर कोपऱ्यात होती. ती तिनं घेतली. आठ दिवस कुंचला चालला. कच्च्या घागरीची माती तांबूस, रंगाची गाळीव मातीही तांबूसच. त्यामुळे भाजेपर्यंत चित्र काढणाऱ्यालाच ठाऊक, इतरांना नुसते ओलसर डाग. मासळीवाल्या काकानं घागर उन्हात फिरवून पाहिली आणि रथ कुठंय म्हणून विचारलं. भट्टीत दिसेल, ती म्हणाली. त्याला ते पटलं.

फानो मात्र कुंभाराची बायको. तिनं एकदा पाहिलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"खरवडून टाक. अजून कच्चं आहे."

"नाही, आई. मला कुणी विचारलं नाही. मी निदान सांगते तरी."

भट्टी पेटली. मग चित्र काळं व्हावं म्हणून निकारेतेनं ओली लाकडं घातली, झरोके बुजवले, आणि काळा धूर गल्लीभर बसून राहिला. शेजाऱ्यांनी दृष्ट लागू नये म्हणून छातीवर थुंकून घेतलं. झरोके पुन्हा उघडले, भट्टी निवली, आणि तिसऱ्या दिवशी काका नवी शाल पांघरून घागर न्यायला आला.

तांबड्या मातीवर काळी चित्रं लख्ख उठली होती. सात पलंग. प्रत्येकावर झोपलेला नवरा, शेजारी हातात सुरा घेतलेली नवरी. दानाओसच्या मुलींची गोष्ट गल्लीतल्या पोरांनाही पाठ. चुलतभावांनी जबरदस्तीनं लग्न लावलं, आणि पन्नासांपैकी एकोणपन्नासजणींनी पहिल्याच रात्री नवरे मारले. इथं सातही नवऱ्यांना काकाचं मोडकं नाक होतं आणि काकाचीच दुभंगलेली दाढी.

काकानं बोटानं एकेक पलंग पाहिला.

"एकीनं नवऱ्याला जिवंत सोडलं होतं," तो म्हणाला. "ती कुठंय?"

"ती मी काढली नाही, काका."

त्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. घागर फोडायचाही धीर झाला नाही. न्हाणाआधी नवऱ्यानंच घागर फोडायची म्हणजे फारच वाईट शकुन. दारातून तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "मग मी काय जन्मभर एक डोळा उघडा ठेवून झोपू?"

दुसऱ्या दिवशी त्यानं अधिकाऱ्यापुढं हक्क सोडला. बायकोलाही परत आणलं.

फानो मात्र चुलीपाशी बसून राहिली. हक्क संपत नसतो, तो नात्यातल्या पुढच्या पुरुषाकडे जातो. पुढचा म्हणजे बापाच्या चुलत्याचा नातू मेनोन, एजिना बेटावरचा.

"तो काय करतो?" निकारेतेनं विचारलं.

"भांडी भाजतो. कच्च्या मातीवरची रेघ त्याला माझ्याही आधी दिसेल, आणि तो ती भाजूच देणार नाही."

निकारेते उंबऱ्यावर बसली. म्हणजे लग्न नको हे त्याला तोंडानंच सांगावं लागणार होतं. कसं, ते तिला अजून सुचत नव्हतं, आणि एजिनाहून होडी यायला एक दिवसही लागत नाही.