आखाजीला अक्का कुठे असायची

संजूचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, देवपूरच्या आमच्या घरी, कूलरच्या जाळीतलं जुनं गवत उपसत बसलो होतो. संजू म्हणजे माझा भाचा, अक्काचा मुलगा. "मामा, आई गेली," तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "कुठल्या जंगलात?"

तो जवळजवळ ओरडलाच, "जंगलात कुठलं मामा! घरी. जळगावला. गच्चीवर पापड वाळत घालत होती. बसली, ती उठलीच नाही."

त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण खरं सांगायचं तर आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवूनच टाकलं होतं की अक्काचं काही झालं तर ते सातपुड्यात होणार. एकटी बाई, जुनी व्हॅन, डोंगर, अस्वलं. आणि ती गेली उडदाच्या पापडांमध्ये, भर सकाळी, स्वतःच्या गच्चीवर. दोन महिने होत आले, माझा गोंधळ काही सरत नाही. उलट वाढतोच आहे.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जळगावच्या टेलिफोन ऑफिसात तिची सगळी नोकरी एका खुर्चीत गेली. भावजी गेले, ती रिटायर झाली, संजू बायको-मुलांसह पुण्याला गेला. मग साठीच्या तोंडावर ही बाई गाडी चालवायला शिकली आणि शाळेच्या पोरांची ने-आण करणारी एक जुनी पिवळी व्हॅन घेऊन आली. मागची बाकं काढून सुताराकडून फळ्यांची बाज करून घेतली. खाली डबे, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, मच्छरदाणी. टपावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळी, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती भरीत म्हणायलाच तयार नसे. व्हॅनचा रंग तिनं बदलला नाही. त्यामुळे खेड्यातून जाताना शाळेची गाडी आली म्हणून पोरं हात करायची, आणि ही थांबून त्यांना खरंच शाळेपर्यंत सोडायची.

पाल, यावल, पाटणादेवी, अनेरचं जंगल, एकदा पार मेळघाट. वनखात्याच्या नाक्यापाशी नाहीतर एखाद्या देवळाच्या पटांगणात गाडी लावायची, सकाळी काठी घेऊन डोंगर चढायचा, उन्हं तापली की परत येऊन गाडीत आडवं व्हायचं. तिथून मला फोटो यायचे. फोटो तरी कसले... व्हॅनच्या दारातून काढलेला नुसता मोकळा रस्ता. ना वाघ, ना मोर. "अक्का, एखादं हरीण तरी दाखव," मी थट्टा करायचो. ती म्हणायची, "तुले काय कयस त्यानात!" मला खरंच काही कळत नव्हतं.

एकदाच मी तिच्याबरोबर पाटणादेवीला गेलो. धवलतीर्थ धबधब्याच्या वाटेवर ती पुढे, मी मागे धापा टाकत. एका दगडावर बसकण मारली आणि विचारलं, "अक्का, एकलीले भ्याव नई वाटस?" तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "भ्याव कसानं? उलट बरं शे. कोनी आपली वाट देखत नई, आपुले कोनाची वाट देखनी पडत नई." तेव्हा मला वाटलं, वा, काय मोकळी झालीय ही! धुळ्याला आल्यावर हे वाक्य मी चार जणांना ऐकवलं. बहिणीचं कौतुक म्हणून.

आता थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्या खान्देशात सासरी गेलेल्या लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पण लेक आपल्या पायांनी येत नसते. माहेरचं माणूस तिला आणायला जातं, त्याला मुराळी म्हणतात. आधी आमचे वडील, आबा जायचे, आबांनंतर मी. अक्काला नातवंडं झाली तरी आमची आई हट्टानं मला पाठवायची. "आंडेर एकली येत नई रे भाऊ, लेवाले जानं पडस." लेक एकटी येत नाही, आणायला जावं लागतं. मी वैतागत एस.टी. पकडायचो. पारोळा, एरंडोल, जळगाव. अक्का सकाळपासून आंघोळ करून, पिशवी भरून ओट्यावर बसलेली असायची. मी पहिल्या गाडीनं गेलो तरी तिचं ठरलेलं वाक्य, "इतला उशीर कसा करा रे?"

आई गेली आणि पुढच्याच वर्षी व्हॅन आली. आखाजीच्या आठवडाभर आधी मी फोन केला आणि अगदी उत्साहानं म्हटलं, "अक्का, आता तुझी गाडी शे. मी कशाले येऊ? तूच ये सरळ." "बरं," ती म्हणाली. त्या वर्षी ती आलीच नाही. पालहून फोटो आला, मोकळ्या रस्त्याचा. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही. दिवाळीला मात्र हसत यायची, व्हॅन भरून केळी घेऊन. मला वाटलं, तिला जंगलाचा नाद लागलाय, लागू दे. मी मुराळी जायचं बंद केलं, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही हो...

तेरावं झाल्यावर संजूनं व्हॅनची किल्ली माझ्या हातात ठेवली. पुण्यात ठेवायला जागा नव्हती. घरी आणून मी ती आवरायला घेतली, तर बाजेखाली जाडजूड दोर निघाला. तो मी आधी पाहिला होता. "गाडी फसनी ते वढाले," असं अक्कानं सांगितलं होतं. पण दोराखाली एक फळी होती, दोन्ही टोकांना खाचा असलेली, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेली. गाडी ओढायला काही फळी लागत नाही. आणि समोर काचेपाशी एक चिठ्ठी. सायराबाई, पाल, भाकरी, आणि फोन नंबर.

कळवायला हवं म्हणून फोन लावला. अक्का गेली म्हटल्यावर सायराबाई बराच वेळ रडत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही धुळ्याचे भाऊ ना?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"बाकी रोज अक्का डोंगरात जायची. आखाजीला मात्र नाही. त्या दिवशी सकाळीच न्हाऊन, नवी साडी नेसून, पिशवी भरून गाडीच्या दारात बसायची. मी म्हणायची, अक्का, आज डोंगर नाही? तर म्हणायची, आज माझा भाऊ घ्यायला येणार. मग दुपार झाली की आंब्याला झोका बांधायची. आमच्या पोरींना बसवायची, मग स्वतः बसायची."

मी विचारलं, "हे ती रडत सांगायची?"

"नाही हो, हसत. आम्हाला वाटायचं, एखाद्या वर्षी तुम्ही खरंच याल."

हसत! इथंच माझी बुद्धी चालेनाशी होते. ती स्वतःची थट्टा करत होती, की माझी? की तीन वर्षं खरोखरच त्या रस्त्याकडे बघत बसली होती आणि त्याचेच फोटो मला पाठवत होती? पण मग डोंगरात झपाझप चालणारी, मला दगडावर सोडून पुढे जाणारी अक्का, ती खोटी कशी म्हणू? तिला एका शब्दानं सांगता आलं असतं, "ये रे लेवाले." मी धावत गेलो असतो. पण हे सांगून करून घ्यायचं नसतं, हेही मला माहीत आहे. संजूला विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, आईला जंगल आवडायचं, बस. तुम्ही उगाच डोक्यात घेता." असेलही. ही, म्हणजे माझी बायको, म्हणते, दोन्ही खरं असेल. तेही असेल. मला मात्र रोज सकाळी एक पटतं आणि संध्याकाळी दुसरं. विचारायचं कोणाला?

परवा आखाजी आहे. त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात; अक्काच्या नावाची जळगावला संजू भरणार, कारण अक्का सासरची. माझ्या वाट्याला तसं काहीच काम नाही. तरी काल मी व्हॅन धुतली, हवा भरून आणली, दोर आणि फळी बाजेखाली जिथं होती तिथंच ठेवली. सायराबाईंना कळवलंय, दुपारच्या आत पालला पोचतो. अक्का उशीर झाला म्हणेलच, आणि या खेपेला तिचं खरं आहे. ही म्हणाली, "मीपण येते." मी म्हटलं, ये, पण मागे बाजेवर बस. पुढची सीट येताना लागेल.