चोवीस तासांचा कॅन

गेल्या वर्षी जूनची बारा तारीख. चोवीस तासांत लघवीवाटे गेलेलं प्रथिन दोन ग्रॅम चारशे मिलिग्रॅम. निरोगी माणसाचं दीडशे मिलिग्रॅमच्या आत असतं. पुण्यातल्या रुग्णालयाच्या त्या खोलीत हजर तिघंच: मूत्रपिंडाचे डॉक्टर, मी आणि माझी बायको सुनंदा.

डॉक्टरांच्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट होता. बायोप्सी म्हणजे सुईनं मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढून तपासणं. ते म्हणाले, "आयजीए नेफ्रोपॅथी. शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून बसतात. गाळणी सुजते आणि प्रथिन गळायला लागतं."

एप्रिलमध्ये घसा धरला होता, त्यानंतर दोन दिवस लघवी कोऱ्या चहासारखी झाली. फेस तर त्याआधी कित्येक महिने येत होता. मी त्याचा दोष फिनाइलला देत होतो. तुम्हालाही असा फेस रोज दिसत असेल, तर फिनाइल बदलत बसू नका, साधी लघवीची तपासणी करून घ्या.

"तीन महिने रक्तदाबाची गोळी आणि मीठ कमी," डॉक्टर म्हणाले. "एक ग्रॅमच्या खाली आलात तर उत्तम. नाहीतर स्टेरॉइडचा विचार करावा लागेल."

स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढू शकते. माझी आधीच काठावर, आणि वडिलांचा मधुमेह मी पायाच्या जखमेपर्यंत पाहिलेला. तेव्हा तीन महिने माझ्यापुढे एकच आकडा होता: एक ग्रॅम.

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर एक तरुण संशोधक मुलगी आमच्याशेजारी येऊन बसली. बायोप्सीतला उरलेला तुकडा आणि थोडं रक्त तिला अभ्यासासाठी हवं होतं. संमतीचा अर्ज सहा पानी. मी सहाही वाचली. ती शांतपणे थांबली.

"काका, प्रथिनांवर साखरेच्या बारीक साखळ्या बसवलेल्या असतात. त्याला ग्लायकोसिलेशन म्हणतात. चहातल्या साखरेशी त्याचा संबंध नाही."

"कशासाठी बसवतात?"

"ओळख पटायला. पेशी एकमेकींशी बोलतात त्यात या साखळ्यांचा मोठा वाटा असतो. तुमच्या आजारात आयजीए नावाच्या प्रतिपिंडावरची साखळी अपुरी राहते. मग दुसरी प्रतिपिंडं तिला परकी समजून चिकटतात. तो गठ्ठा मूत्रपिंडात अडकतो आणि तिथल्या पेशी सुजेचा निरोप पुढे पाठवत सुटतात."

मी उर्से गावातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. म्हटलं, "म्हणजे मालाची चिठ्ठी अर्धी फाटलेली. माल चांगला, पण कुणी आत घेत नाही, आणि सगळा दारात तुंबतो."

"असंच काहीसं," ती हसली. "त्या चिठ्ठीचं मोजमाप मी करते आणि शेजारी तुमचं चोवीस तासांचं प्रथिन लिहिते. म्हणून तुमचा आकडा बरोबर हवा. तो चुकला तर माझंही चुकेल."

सप्टेंबरात पुन्हा तपासणी ठरली. रीत सोपी आहे. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची. तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची प्रत्येक लघवी लॅबनं दिलेल्या कॅनमध्ये, शेवटचीही. कॅन गार ठेवायचा.

रविवार निवडला. नेमका त्याच रविवारी भाजे गावी मेव्हण्याच्या नव्या घराचा गृहप्रवेश. चुकवता येण्यासारखा नव्हता. थर्माकोलच्या पेटीत बर्फ, बर्फात कॅन, आणि पेटी मांडीवर घेऊन मी घोरावाडीला लोकलमध्ये बसलो. मळवलीपर्यंत कुणी काही विचारलं नाही.

विचारलं ते मेव्हण्याच्या दारात, सुनंदाच्या मावशीनं. "काय वो जावईबापू, पेटीत काय? मासळी आनली व्हय?"

"न्हाई मावशी, औषध हाय. गार लागतं."

"मंग द्या की हिकडं." मावशींनी पेटी उचलली ती थेट स्वयंपाकघरात, श्रीखंडाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली.

बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली. स्वयंपाकघरात आठ बायका पुऱ्या लाटत होत्या. त्यांच्यामधून कॅन काढून न्यायचा, भरून परत आणून श्रीखंडाशेजारी ठेवायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही. दोनदा लघवीला गेलो, दोनदाही रिकाम्या हातानं.

रिपोर्ट आला: सहाशे मिलिग्रॅम. सुनंदानं शेजारी सांगून टाकलं. मी मात्र घरी तीनदा आकडेमोड केली. कुठल्याही बाजूनं धरलं तरी दोन वेळची लघवी त्यात नव्हतीच.

रुग्णालयात डॉक्टरांच्या सहायकानं फाइल बघून "छान, एकच्या आत" म्हटलं. ती संशोधक मुलगी दाराशी वही उघडून उभी होती. तिनं सहाशे लिहायला घेतलं, तेव्हा मला राहवलं नाही.

"ताई, लिहू नका. त्यात दोन वेळची कमी आहे."

डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला. क्रिएटिनिनच्या ओळीखाली आधीच लाल रेघ होती. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंमधून निघणारा कचरा. एका माणसाचा तो रोज साधारण तेवढाच निघतो. माझा जूनमध्ये चौदाशे मिलिग्रॅम होता, आता साडेआठशे.

"मी विचारणारच होतो," डॉक्टर म्हणाले, "की तुमचे स्नायू रविवारी रजेवर होते का."

मी श्रीखंडाची हकिकत सांगितली. सहायकाला हसू आवरेना. डॉक्टरांनी मात्र स्टेरॉइडचा निर्णय राखून ठेवला. "पुन्हा करा. घरी बसून."

पुढच्या रविवारी मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. क्रिएटिनिन चौदाशे दहा, प्रथिन नऊशे साठ.

"चाळीस मिलिग्रॅमनं सुटलात," डॉक्टर म्हणाले. "पण खरे सुटलात."

मुलीनं तो आकडा वहीत लिहिला. यंदाच्या जूनमध्ये सहाशे चाळीस आला, अख्ख्या चोवीस तासांचा. आजार गेलेला नाही, पण स्टेरॉइडशिवाय वर्ष निघालं. माझ्या तुकड्यातून त्या मुलीला काय सापडेल ते ठाऊक नाही. तिनं वही उघडी ठेवली होती म्हणून मी खरं बोललो, एवढं मात्र मी तिचं देणं लागतो.

त्या दुसऱ्या तपासणीचे साडेचारशे रुपये लॅबच्या खिडकीवर सुनंदानं आपल्या पर्समधून भरले. पावती माझ्या हातात ठेवत म्हणाली, "अहो, मला हाक मारायची होती. त्या आठांत एक मी होते की."