पाटाच्या उजव्या हाताला

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो आत्यामुळे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा होऊन ती लहान मुलीला घेऊन आचोळ्याला आमच्याकडे राहायला आली. सातवीनंतर मला शेतात घ्यायचं वडिलांनी ठरवलं होतं. आत्या त्यांना एवढंच म्हणाली, की त्याच्या वाटणीचं काम मी करते. लावणीपासून झोडणीपर्यंत पुढची आठ वर्षं तिने ते केलं. मी परीक्षेला निघालो की ती माझ्या हातावर दही ठेवायची. पेपर कसा गेला हे मात्र तिने कधी विचारलं नाही. मी लिहून आलो, यातच तिचं समाधान असायचं.

आता ती डहाणूला मुलीकडे असते. ऐंशी ओलांडली आहे. फोनवर तिला ऐकू येत नाही, पण चौथीपर्यंत शिकलेली असल्याने भिंग घेऊन अजून वाचते. त्यामुळे आमचं बोलणं पत्रांतून चालतं.

गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा तिने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं.

आत्याचा जन्म आचोळ्याचा नाही, वटारचा. तिथे आमच्या पणजोबांची वाडी होती, हे मला ऐकून माहीत होतं. आत्या सात वर्षांची असताना तिला एक बहीण झाली आणि चार महिन्यांची होऊन तापाने गेली. दात न आलेल्या बाळाला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. आजोबांनी तिला वाडीतच ठेवलं. आजीने पुन्हा पुन्हा तिथे जाऊन बसू नये म्हणून वर दगडही ठेवला नाही. आत्या मात्र लपूनछपून आजोबांच्या मागे गेली होती. पुढे भावाभावांची वाटणी झाली. वाडी आजोबांच्या थोरल्या भावाकडे गेली आणि आमच्याकडे आचोळ्याची भातशेती आली. त्यानंतर आत्याने वटार पाहिलं नाही.

"रहाटापासून उजव्या हाताला, तिसऱ्या वाफ्याच्या टोकाला," ती म्हणाली. "सापडली तर तिला तांब्याभर पानी घाल. आणि वर कुनी घर बांधलं असेल, तर तसंच लिही. माझ्यापासून लपवू नको."

एवढं शिकून आत्याच्या उपयोगी पडायची ही पहिलीच वेळ होती. मी तलाठी कार्यालयात गेलो. आजोबांच्या नावावर वटारला एक गुंठाही निघाला नाही. तिसऱ्या खेपेला जुन्या फेरफारांत वाटणीची नोंद सापडली. चार भावांची नावं, थोरल्यापुढे आमच्या वाडीचा सर्व्हे नंबर. थोरल्या आजोबांच्या मुलांनी ती नंतर विकली होती. सातबाऱ्यावर थोडी जमीन पोटखराबा म्हणून लावली होती, म्हणजे पीक न येणारी. ती आमच्या बावखलाची असणार. वाडीला पाणी देण्यासाठी खणलेल्या तळ्याला वसईत बावखल म्हणतात.

एका रविवारी फुलपाड्याच्या माझ्या घरून स्कूटरवर निघालो. बरोबर पाण्याची बाटली घेतली. बावखल निम्मं बुजलं होतं, तरी काठावर रहाटाचे दोन दगडी खांब उभे होते. मी रस्त्यावर, पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि उजवीकडे पाहिलं. तिथे बंगला होता. अंगणात फरशी, फरशीवर गाडी. वाफ्यांच्या अंदाजाने पावलं मोजली. तिसरा वाफा बरोबर गाडीखाली येत होता. बाटली तशीच घेऊन परतलो.

त्या आठवड्यात दोनदा पत्र सुरू केलं आणि फाडलं. आत्याला खोटं लिहिणं सोपं होतं, खरं कळायला तिच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. म्हणूनच ते हातून होईना.

पुढच्या रविवारी बाटली घेऊन पुन्हा गेलो. बंगल्याच्या पायासाठी किती खोल खणलं, एवढं तरी विचारावं म्हणून. बावखलापलीकडे अजून वाडी होती आणि तिचे म्हातारे मालक केळीची सुकलेली पानं कापत होते. वाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, बंगल्याचा तुकडा मागाहून विकलेला. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी आत्याचे शब्द पुन्हा म्हणायला लावले.

"उजवा हात कोणाचा धरलात?"

"माझा."

"कॉलेज केलंय म्हणालात ना?" ते हसले. "अहो, वाडीत उजवा-डावा हात पाण्याचा असतो. रहाटाचं पाणी पाटात पडून जिकडे धावतं, तिकडे तोंड करायचं. तुमचा रस्ता आत्ताचा. पाट रस्त्याच्या दिशेला जायचा. तुम्ही उलटे उभे राहिलात."

त्यांच्या मागोमाग मी जुन्या पाटाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिसऱ्या वाफ्यात टोकापर्यंत केळी होत्या. फक्त कोपऱ्यात घोंगडीएवढी जागा मोकळी होती. तिथे गवत आणि अनंताचं एक झाड.

"वाडी घेतली तेव्हा विकणाऱ्यांनी बाबांना सांगितलं होतं, इथे कुदळ घालू नका. बाबांनी मला सांगितलं. मी मुलाला सांगितलंय."

का, हे कधी विचारलं नाही का, असं मी म्हणालो. त्यात विचारायचं काय, असं त्यांचं म्हणणं. मग तिथे कोण आहे ते मी सांगितलं. त्यांनी चपला काढल्या. मी बाटलीचं झाकण उघडत होतो, तर "बाटलीने नको," म्हणून घरातून तांब्या घेऊन आले.

त्याच दिवशी हे पत्र टाकलं:

आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. जागा सापडली. वर घर नाही.

पहिल्या खेपेला मी उलट्या हाताला गेलो आणि बंगला पाहून परतलो. आठ दिवस तुला काय लिहावं ते कळत नव्हतं. लपवू नको म्हणालीस, म्हणून हेही लिहिलं. तू नीट सांगितलं होतंस, मलाच पाण्याचा हात माहीत नव्हता.

तिच्या जागेवर आजवर कुदळ लागलेली नाही. ज्यांनी वाडी घेतली त्यांना कारणही माहीत नव्हतं, तरी त्यांनी शब्द पाळला. पाणी घातलं. जमिनीने ते लगेच ओढून घेतलं, म्हणून त्यांनी आणखी एक तांब्या भरून आणला. शेजारी अनंत आहे. तो कोणी लावला, हे त्यांनाही सांगता येत नाही.

थंडी ओसरली की तुला न्यायला येतो. रस्त्यापासून थोडीच पावलं आहेत, मी हात धरीन.

निघताना त्यांनी तिचं नाव विचारलं. मला सांगता आलं नाही. तिचं बारसं झालं होतं का, आत्या? झालं असेल तर नाव लिहून पाठव. त्यांना आपल्या मुलाला सांगायचं आहे.