एका खुर्चीची होडी

माझ्या मालकीची एक होडी आहे आणि तिला आजतागायत खाडीचं पाणी लागलेलं नाही. (साबणाचं लागलंय. ते पुढे येईलच.)

थाप मारली की होडी मिळते, हे मला सत्तरीत कळलं. कुमुद गेली आणि केबिन रोडच्या फ्लॅटमध्ये मी एकटा उरलो. मुलगा निखिल व्हँकुव्हरला. बिल्डिंगमधले लोक चांगले, पण दारं बंद. दिवसातून न चुकता माझ्याकडे येणारं एकच कोणी, ते म्हणजे नळाचं पाणी! ते आलं की मी चक्क "आलात? या, या!" म्हणायचो. एकदा शेजारच्या शहाभाभींनी ऐकलं.

"अंकल, मेहमान आये हैं?"

"हां. रोज आते हैं. आधा घंटा बैठते हैं."

भाभींनी ती बातमी घाबरून थेट निखिलला कळवली. झालं! दर रविवारी त्याचा फोन आणि दर रविवारी एकच धमकी: "बाबा, तिथे एकटे कुढत बसणार असाल ना, तर फ्लॅट विकून टाकू आणि तुम्ही सरळ इकडे या."

मला जायचं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर अजून कुमुदच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. 'मूगडाळ' लिहिलेल्या डब्यात मी बिस्किटं ठेवतो, पण चिठ्ठी काढायचा धीर होत नाही. म्हणून एका रविवारी मी ठोकून दिलं.

"मासे पकडायला गेलो होतो रे! मुर्ध्याला, खाडीवर."

"तुम्ही? एकटे?"

"छे! दामले होता ना."

हा दामले कुठून आला? समोरच्या इमारतीवर कुणा दामलेंच्या दातांच्या दवाखान्याची पाटी आहे. फोनवर बोलताना ती डोळ्यांसमोर होती, एवढाच त्याचा जन्म!

"दामले? आणि मासे खातात?"

"पकडतो. खात नाही."

पुढच्या सहा महिन्यांत दामलेचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मुलीचं लग्न झालं, आणि एकदा तर आमचं कडाक्याचं भांडण होऊन दोन रविवार अबोलाही झाला. खरं सांगतो, त्या दोन रविवारी मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

आणि मग एके दिवशी खोकं आलं. हे एवढं मोठं! आत होडी. म्हणजे दोन बाजूंना दोन लांबलचक रबरी फुगे, मध्ये पाइपांची चौकट आणि चौकटीवर खुर्ची. एकच! वर निखिलचा फोन: "बाबा, वाढदिवसाचं प्रेझेंट! दामलेकाकांकडे त्यांची होडी असेलच ना? रविवारी दहा वाजता व्हिडिओ कॉल करतो. मला तुम्ही पाण्यात दिसला पाहिजेत. आणि दामलेकाकासुद्धा!"

बोंबला!

तर रविवारी सकाळी रिक्षात मी, खोकं आणि एक मासे पकडायचा गळ. रिक्षावाल्याने आरशातून दहा वेळा बघितलं.

"अंकल, तंबू है क्या?"

"नाव है."

"नाव? रिक्शा में?"

सात वाजता मुर्ध्याला पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली. हवा गार. काठावर एक कोळी जाळं शिवत बसला होता, माझ्याच वयाचा. नाव हिराजी, हे नंतर कळलं. मी खोकं उघडलं आणि चोवीस पानांचं माहितीपुस्तक हातात घेतलं. मी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आहेत. नियम वाचल्याशिवाय मी छत्रीसुद्धा उघडत नाही.

पायाने दाबायचा पंप होता. फूस… फूस… फूस! तीनशेपर्यंत मोजले, मग गुडघा मोजायला लागला. पाऊण तासाने दोन्ही फुगे कडक झाले आणि मी अभिमानाने पुढचं पान उलटलं. त्यात लिहिलं होतं, की चौकटीचे पट्टे फुगे अर्धवट भरलेले असतानाच बांधावेत. आता पट्टे काही केल्या पुरेनात! माझ्या वाढलेल्या पोटाला लावलेल्या जुन्या पट्ट्यासारखी गत. सगळी हवा सोडली. पुन्हा पहिल्यापासून.

"काका, बिगी बिगी करा," हिराजी जाळ्यातून मान न काढता म्हणाला.

"घाई करून चालत नाही. दोन्हीकडे सारखी हवा लागते. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे."

"बरं बरं. भरा."

भरली. तरी डावा फुगा बाळसं धरलेला आणि उजवा नुकताच तापातून उठलेला! मग सातवं पान: साबणाचं पाणी लावून हवा गळते का पाहावे. हिराजीची बायको भांडी घासत होती, तिच्याकडून मागून आणलं. वॉल्व्हपाशी बुडबुडे आले. टोपण तिरकं बसलं होतं. ते नीट बसवलं, तोवर आठवं पान: अर्धा तास थांबून पुन्हा तपासावे.

मी घड्याळ लावून खाली बसलो.

"आता काय झालं?" हिराजी.

"थांबायचंय. अर्धा तास."

"तुमी थांबाल काका. पानी न्हाय थांबायचं."

मी हसलो. मला वाटलं, काहीतरी सुविचार सांगतोय! खाडीकडे पाठ करून मी नववं पान वाचायला घेतलं. त्यात होतं, की उन्हात फुगे फार फुगतात, तेव्हा थोडी हवा सोडावी. ऊन चढलंच होतं. सोडली. जास्त सुटली. पुन्हा भरली. दहाला पाच कमी असताना होडी अशी काही झाली होती, की पुस्तकातल्या चित्राने लाजावं! मी घाम पुसला, गळ उचलला आणि रुबाबात मागे वळलो.

खाडी नव्हती.

खरंच नव्हती! जिथे सातला पाणी होतं तिथे चिखल, चिखलात खेकडे आणि पार लांब पाण्याची एक चकाकती रेघ. बत्तीस वर्षं नियम वाचणाऱ्या माणसाला ओहोटीचा नियम ठाऊक नव्हता.

"अहो, सांगायचं तरी!"

"तीनदा सांगितला तुमाला! तुमी पुस्तक वाचत व्हते."

तेवढ्यात फोन वाजला. मी हिराजीला एका दमात सगळं सांगितलं: मुलगा, फ्लॅट, व्हँकुव्हर, दामले. त्याने एकच प्रश्न विचारला, "दामले म्हंजे मी का?" मी हात जोडले. आम्ही होडी चिखलावर ओढली, मी खुर्चीत बसलो, गळ पुढे धरला आणि हिराजीने दुसऱ्यांदा वाजणारा फोन उचलला.

"वॉव, बाबा! पण होडी हलत नाहीये?"

"हलली की मासे बिचकतात."

"आणि दामलेकाका?"

हिराजीने फोन स्वतःकडे वळवला. "राम राम! मीच दामले हाय."

पलीकडून निखिलचा आवाज आला.

"काका… गुडघा कसा आहे?"

"गुडग्याला काय धाड भरलीय? आनि मी मासे खात न्हाय असा कोन बोलला तुमाला? मासे न्हाय खाल्ले तर जगनार कसा मी?"

मी चिखलातून खुणा करत होतो, पण दामले पेटला होता! शेवटी त्याने फोन माझ्याकडे वळवला आणि नेमकं त्याच वेळी त्याचं कुत्रं आलं. माझ्या होडीच्या पुढ्यातून सावकाश चालत गेलं, मध्ये थांबलं, अंग खाजवलं आणि पुढे गेलं.

"बाबा," निखिल हळू आवाजात म्हणाला, "पाण्यावरून कुत्रं चालत गेलं."

थापा मारायला काहीतरी आधार लागतो. माझ्याकडे नुसता चिखल होता.

"निखिल, पाणी नाही रे. दामलेपण नाही. कधीच नव्हता. मी कुठे जात नाही. दिवसभर घरात असतो आणि तुझा फोन आला की काहीतरी सांगतो. नाहीतर तू मला तिकडे नेशील म्हणून. मला हे घर सोडवत नाही रे."

इतकं खरं मी कुमुद गेल्यापासून कोणाशी बोललो नव्हतो. त्या खुर्चीत, हातात गळ धरून, मला रडू आलं. निखिलचाही आवाज बदलला. "मग तर तुम्ही इकडे यायलाच हवं, बाबा. मी तिकीट काढतो."

"कुटं नेतोस त्यांना?" हिराजी फोनवर ओरडला. "तीन तास बघतोय मी, मानूस एकदा दमलो बोलला न्हाय! एकटा न्हाय तो. मी हाय, बायको हाय, ह्यो कुत्रा हाय. पुढल्या ऐतवारी पानी दुपारचा येल. जेवायलाच येनार हायेत ते हिकडं."

हे मलाही आत्ताच कळत होतं! निखिल हसला की हुंदका आला, काही कळलं नाही. "ठीक आहे. पण दर रविवारी कॉलवर मला दामलेकाका पाहिजेत. हेच!"

तेव्हापासून मी दर रविवारी मुर्ध्याला जातो. तिकीट अजून निघालेलं नाही. हिराजीचा नंबर फोनमध्ये 'दामले' नावाने आहे. तो जाळं शिवतो, मी पंप मारतो, त्याची बायको आम्हा दोघांना शिव्या देत कालवण वाढते, आणि होडी तयार होईपर्यंत दर वेळी ओहोटी लागलेली असते. हिराजी कपाळावर हात मारतो. "काका, तुमाला काय जनमात जमनार न्हाय!"

आता फक्त तुम्हाला म्हणून सांगतो. ती होडी हल्ली मला वीस मिनिटांत फुगवता येते. पण तीत खुर्ची एकच आहे! पाण्यात गेलो तर पुन्हा एकटाच बसणार ना? एकटंच बसायचं असतं, तर घरी सोफा आहे की! त्यात हवासुद्धा भरावी लागत नाही.