दादाला जयंतीत नाचायचं होतं

माणूस गेला की घर सुनं होतं म्हणतात. आमच्या घरी उलटं झालं. या हिवाळ्यात माझा मोठा भाऊ, मिलिंददादा गेला आणि तेव्हापासून आष्टीतला जो तो दारात चप्पल काढतो अन् म्हणतो, "तुला दादाचा तो किस्सा म्हाईत हाय का?" आधी मी चिडायचो. एकाला तर हाकलूनच दिलं. आता आईच चहा टाकते, म्हणते, "सांग बाबा, सांग."

दादाला जन्मापासून सिकलसेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं अशी दुखतात की पुसू नका. दर भीमजयंतीला दादा भर उन्हात नाचायचा आणि दुसऱ्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात खाटेवर असायचा. शेवटी त्यानं निश्चय केला. "एक जयंती अशी करीन, नाचीन बी आन् दुसऱ्या दिवशी खाटेवर बी नसंन!" मग वर्षभर तब्येत सांभाळली. त्या वर्षातले हे किस्से.

*

डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर प्या. टेंभुर्णीला मावशीकडं गेल्तो, ते दिवस नेमके टँकरचे. दादा तांब्यामागं तांब्या रिकामा करतोय. मावशी म्हणाली, "राजा, पुढच्या खेपेला टँकर मागं लावून ये!"

पुढच्या खेपेला दादा खरंच पाण्याचा जार घेऊन गेला. मावशी रुसली ना! "का रे, माझ्या घरचं पाणी कडू हाय?"

*

थंडी दादाला बाधायची. एसीची पण. मे महिन्यात जालन्यातल्या एका बँकेत हा स्वेटर, कानटोपी, मफलर घालून शिरला. वॉचमननं दंडच धरला. "टोपी काढा!"

मी बाह्या सरसावल्या. दादा म्हणाला, "काढतो की. आधी तुमचा एसी बंद करा!"

*

व्यायाम करा, पण दमू नका, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. मला कुठला धीर? दादाला थेट जिममध्ये नेलं. ट्रेनर ओरडला, "नो पेन, नो गेन!"

दादा बाकावर बसला. "सर, पेन जन्मापासून चालू हाय. गेन कधी देता?"

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी शिवारात चालणं. बैलगाडीसुद्धा आम्हाला मागं टाकायची. मी म्हणायचो, "दादा, जल्दी!"

"तू हो पुढं. चहा सांगून ठेव."

*

स्थळ आलं. पोरीचा बाप म्हणाला, "बोला, काय अपेक्षा?" दादा म्हणाला, "हुंडा नको, फक्त पोरीच्या रक्ताची तपासणी करा. दोघांच्या रक्तात सिकल असली तर लेकरांचे हाल होतात."

बाप भडकला. "माझी पोरगी काय बाजारातली म्हैस हाय, तपासून न्यायला?"

"मामा, मला तर आधीच तपासलंय. म्हैस मीच!"

स्थळ मोडलं. पण त्या मामानं पुढं स्वतःच्या दोन्ही पोरींची तपासणी करून घेतली.

*

आणि ती जयंती.

दादानं सकाळी गोळी घेतली, पोटभर जेवला. मिरवणुकीत एक गाणं नाचायचा, की ट्रॉलीच्या सावलीत बसायचा. आई पाण्याची बाटली घेऊन बाजूलाच. मग पुन्हा एक गाणं. पोरं चिडवत होती, "दादा इंटरव्हल घेऊन राह्यला!" मला मात्र इतका आनंद झाला होता की मी थांबलोच नाही. ना पाणी, ना सावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याच्या दवाखान्यात, त्याच वॉर्डात, आम्ही दोघं. ओळखीच्या सिस्टर आल्या आणि आल्या आल्या स्टुलावर बसलेल्या दादाची बाही वर सारून दंडाला पट्टा आवळला.

"दर साली सांगते, उन्हात नाचू नका! पाणी प्या! ऐकायचंच न्हाई का तुम्हाला?"

दादानं सगळी बोलणी मान खाली घालून खाल्ली. मग पट्टा सोडून सिस्टरच्या हातात दिला आणि माझ्या खाटेकडं बोट केलं.

"बराबर हाय, सिस्टर. पण हे त्याला सांगा. आज मी नातेवाईक हाये!"