काचेची जन्मखूण

“खोकं बोलून राह्यलं, भाऊ. आजून कापूस लागते.”

बंद केलेलं खोकं कानाशी धरून आपा हलवायच्या. आत जरा खुट्ट झालं की चिकटवलेली पट्टी टराटर फाडायच्या. अकोल्यात जठारपेठेत माझं कुरियरचं काउंटर, तिथे त्या नेहमी पार्सल घेऊन यायच्या. मागे रांग खोळंबायची, मी चिडायचो. त्या म्हणायच्या, “सबर करा. काच फुटली त तुमी जोडून देसान का?”

कापसाच्या त्या वाईट वर्षांत गावोगावची माणसं घरातल्या छताला टांगलेल्या, दिवा लावायच्या जुन्या काचेच्या हंड्या विकायला काढत. आपा त्या हंड्या मोबाइलवर, एका ऑनलाइन विक्री कंपनीमार्फत पार बंगळुरूपर्यंत विकून देत. बोट लागलं तरी तडकेल अशी काच! पण त्यांची एकही हंडी वाटेत फुटली नाही, हे मी छातीठोक सांगतो.

बांधायच्या आधी त्या हंडी उन्हात धरून फिरवायच्या. फुंकून केलेल्या काचेत कुठेतरी एखादा बुडबुडा, एखादी रेघ राहतेच. “जन्मखूण हाये तिची,” म्हणायच्या. ती सापडली की मोबाइल माझ्या हाती. खूण, कापूस, खोक्यात खोकं, काट्यावरचं वजन, पावती, सगळं मध्ये न थांबता टिपायचं. व्हिडिओची एक प्रत माझ्याही मोबाइलवर पाठवायच्या. “साक्षीदार तुमी.”

“आपा, हे काय लग्नाचं शूटिंग आहे?”

“नाई त काय! पोरगी सासरी चालली.”

नांदगाव खंडेश्वरच्या एका बाईंची निळी हंडी अशीच त्यांच्यासमोर बांधून गेली. लेकीचं नर्सिंगचं अ‍ॅडमिशन त्या हंडीवर अडलं होतं. थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकाची तक्रार आली: हंडी फुटलेली निघाली, पैसे परत करा. पाठोपाठ खोकंही परत आलं. बाई माझ्या काउंटरपाशी मटकन खाली बसल्या.

आपांनी मोबाइल माझ्याकडे दिला. “चालू करा. मंधात बंद नोका करू.”

चादर पसरून त्यांनी खोकं उघडलं. निळेच तुकडे! आपा शांतपणे तुकड्याला तुकडा लावत गेल्या. गळ्याचा भाग पुरा जुळला. आमच्या व्हिडिओत हंडीच्या गळ्यावर बुडबुडा होता; इथे त्या जागी काच नितळ होती.

“हे आपली पोरगी नाई,” आपा म्हणाल्या.

गिऱ्हाइकाने आमची धड हंडी ठेवून घेऊन स्वतःची फुटकी पाठवली होती! दोन्ही व्हिडिओ कंपनीला गेले, तक्रार फेटाळली गेली. बाई रडत होत्या. आपा चादर झटकत होत्या. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

मागच्या उन्हाळ्यात आपा झोपेतच गेल्या.

परवा त्या नांदगावच्या बाई लेकीला घेऊन आल्या, हातात पेढे. “आपा कुठं हायेत? पोरीले दवाखान्यात नोकरी लागली.”

मी सांगितलं. मग मोबाइल काढून तो जुना व्हिडिओ लावला. उन्हात निळी हंडी फिरत होती, मागे आपांची बोटं, आणि त्यांचा आवाज: “हे पाय बाई, हे हिची खूण. नीट पाहून ठेव.”

बाईंनी पेढ्यांचा पुडा उघडून मोबाइलपुढे ठेवला. लेक म्हणाली, “काका, पुन्हा लावा.”