सोनूदादांच्या घरचा पाट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी मांडवीला फिरायला जातो त्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — पण तेही खरं नाही. हे पहिलं पान मी चार वेळा लिहून फाडलंय.

मी रत्नागिरीत गणपती करतो. म्हणजे वर्षातले सहा महिने गणपती, आणि उरलेले सहा महिने दुकानांच्या पाट्या, भिंतींवरची चित्रं, लग्नाच्या स्टेजमागचे पडदे — जे मिळेल ते. नोकरी कधी केली नाही. कुणाच्या हाताखाली राहायचं नाही, हा माझा जुना माज. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिला सगळे कारखाना म्हणतात. दारावर मीच रंगवलेली पाटी आहे — 'येथे फक्त शाडूच्या मूर्ती मिळतील.' त्यातला 'फक्त' मी मुद्दाम लाल रंगात काढलाय.

गेल्या महिन्यात इथल्या काही तरुण मुलामुलींनी मला बोलायला बोलावलं. कुणी फोटो काढतं, कुणी दुकानांचे लोगो करतं, एक मुलगी लहान मुलांच्या पुस्तकांना चित्रं काढते. सगळी माझ्यासारखीच, स्वतःच्या हातावर जगणारी. विषय होता — गिऱ्हाईक वर्षानुवर्षं कसं टिकवायचं. मला बोलायला आवडतं, त्यात समोर तरुण पोरं म्हणजे विचारू नका. मी सांगत सुटलो. वेळ पाळा. गिऱ्हाइकाच्या घरातली माणसं नावानिशी लक्षात ठेवा. काम दिलं म्हणजे संबंध संपला असं समजू नका, त्याच्या घरी जा, चहा प्या. तेवढ्यात त्या चित्रं काढणाऱ्या मुलीने विचारलं, काका, तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक कोण?

मी पटकन बोलून गेलो — सोनूदादा. पहिल्या वर्षापासून त्यांच्या घरचा पाट माझ्याकडे येतो, एक वर्ष चुकलेलं नाही.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी — मी हसत उभा राहिलो. हे नाव माझ्या तोंडातून निघालंच कसं? इतक्या नावांमधून हेच? घरी येऊन ताटावर बसलो आणि घास उतरेना. बायको म्हणाली, पित्त झालं असेल. मी हो म्हटलं.

पाट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे जुन्या रीतीची घरं गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. आषाढात आपला लाकडी पाट कारखान्यात नेऊन देतात, मागे घराचं नाव लिहिलेलं असतं, आणि त्याच पाटावर त्या घरची मूर्ती घडते. विसर्जनाला देव पाण्यात जातो, पाट घरी परत येतो, आणि पुढच्या आषाढात पुन्हा कारखान्यात. एकदा एका कारखान्यात पाट जायला लागला की बापाचा मुलगा होतो, मुलाचा नातू होतो, पण सहसा कारखाना बदलत नाहीत. यात कागद नाही, सही नाही.

सोनूदादा पालीच्या पुढे, आतल्या एका वाडीत राहतात. भातशेती आणि थोडे काजू. दोन्ही मुलगे मुंबईला कामाला, ते गणपतीत येतात. मी नवीन होतो, माझ्या मूर्तींच्या माना आखूड व्हायच्या, तेव्हापासून ते माझ्याकडे येतात. एवढ्या वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की मूर्ती कशी चाललीय. चतुर्थीच्या आदल्या दिवशी यायचं, देवाला नमस्कार करायचा, मूर्ती डोक्यावर घ्यायची आणि जायचं.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. गुहागरला एक नवीन रिसॉर्ट होत होतं, त्याच्या भिंती रंगवायचं काम मला मिळालं. मोठं काम. मालक म्हणाला, हे झालं की माझ्या ओळखीतली आणखी चार कामं तुझीच. मी हुरळलो. श्रावण जवळजवळ सगळा गुहागरला काढला. नारळ-पोफळीची चित्रं काढत होतो, आणि इकडे शेडमध्ये पाट वाट बघत होते. परत आलो तेव्हा चतुर्थीला जेमतेम आठ दिवस होते. बऱ्याच मूर्ती आधीच झाल्या होत्या, पण तीन राहिल्या होत्या. त्या हवेत शाडू वाळतो थोडाच? पंखे लावले, बल्ब लावले. दोन कशाबशा निभावल्या. तिसरी सगळ्यात मोठी, दोन फुटी, तिला सोंडेपासून पोटापर्यंत भेग गेली.

खरं सांगायचं तर ती भेग सोनूदादांच्या मूर्तीला गेलीच नव्हती. ती एका बँकेतल्या साहेबांच्या मूर्तीला गेली होती. ते साहेब चौकस. बोटाने टिचकी मारून बघायचे, वास घ्यायचे, हजार प्रश्न विचारायचे. दोन्ही मूर्ती एकाच मापाच्या होत्या. मी सोनूदादांची चांगली मूर्ती ओल्या फडक्याने आणि तारेने त्यांच्या पाटावरून सोडवली आणि साहेबांच्या पाटावर बसवली. का? कारण सोनूदादा विचारणार नाहीत. एवढंच कारण. मला फोन करून सांगता आलं नसतं का, दादा, यंदा छोटी मूर्ती घ्या, माझी चूक झाली? ते हो म्हणाले असते. पण मग चार माणसांत बोललं गेलं असतं की भाऊंना, म्हणजे मला, आता झेपत नाही.

मी चिपळूणला गेलो आणि तिथे पेणहून आलेल्या गाडीतून प्लास्टरची एक कोरी मूर्ती घेतली. गोणपाटात गुंडाळून आणली. रंगवली, डोळे आखले, सोनूदादांच्या पाटावर बसवली, आणि बुडाशी शाडूचा जाड थर दिला, म्हणजे मातीचा वास यावा. मला अजून आठवतं, डोळे फार सुंदर आले होते.

आदल्या दिवशी दादा आले. मूर्ती डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "यंदा देव हलका हाय वो भाऊ. बरा झाला, माझी मान धरलीवती."

मी हसलो. नवीन पद्धत आहे दादा, असं काहीतरी बोललो.

इथपर्यंत फसवणूकच होती. लाज वाटावी अशी, पण अशा लबाड्या माणसं करतात आणि विसरतात. मीही विसरलो होतो. पुढे जे केलं ते वेगळं आहे.

त्यांच्या वाडीत विसर्जन पऱ्यावर होतं, ओढ्याला तिकडे पऱ्या म्हणतात. त्यात एक खोल डोह आहे, त्यात देव सोडतात. मार्गशीर्षात पाणी ओसरलं, आणि धुणं धुवायला गेलेल्या बायकांना डोहात देव दिसला. रंग गेलेला, एक हात तुटलेला, पण बाकी जसाच्या तसा. बसलेला. वाडीत हाहाकार उडाला. देव गेलाच नाही, म्हणजे देवाने जायला नकार दिला.

सोनूदादा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. शेड रिकामी होती, एकही मूर्ती नव्हती, तरी चपला बाहेर काढून आत आले. जे घडलं ते सांगितलं. मग ते म्हणाले, "लोकां बोलतात, पलास्टरचा असंल. मी त्यांना सांगितला, भाऊंच्या कारखान्यात त्या येयाचाच नाय. तरी येकदा तुमच्या तोंडून आयकायचा व्हता."

एक खिळा घेऊन कुणी त्या मूर्तीला ओरखडा काढला असता तर सगळं उघडं पडलं असतं. पण देवाला ओरखडा कोण काढणार? त्यांनी भटजींना विचारून तिची क्षमा मागितली होती आणि भाट्याच्या खाडीत नेऊन ती पुन्हा सोडली होती. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला काय वाटलं, माहीत आहे? सुटका. आधी सुटका वाटली. हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

मी म्हणालो, "दादा, माझ्याकडे प्लास्टर येत नाही. माझ्याकडून निघाला तेव्हा देव शुद्ध होता."

हे वाक्य मी बोललो. कुणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती.

दादांनी हात जोडले. "मग आमच्याच घरात कायतरी चुकला. तुमच्यावर संशय घेतला, तेवढी माफी करा." असं म्हणून चपला घालून गेले. माझी माफी मागून गेले. पुढच्या आषाढात त्यांच्या पाटाबरोबर त्याच वाडीतल्या आणखी पाच घरांचे पाट आले. भाऊंसारखा माणूस नाही, असं दादांनीच सगळ्यांना सांगितलं होतं. ते पाट मी घेतले.

त्या वर्षी गणपतीत मी त्यांच्या घरी दर्शनाला गेलो. गिऱ्हाइकाच्या घरी जा, चहा प्या — मीच ना सांगतो. देवासमोर माणसं बसली होती, आणि बाहेर पडवीत एक तरुण बाई एकटी तांदूळ निवडत होती. दादांची धाकटी सून, वृषाली. अलोऱ्याची, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत वाढलेली, बी.कॉम. झालेली. नवरा मुंबईला असतो, ही सासू-सासऱ्यांजवळ. मी सहज वहिनींना, दादांच्या बायकोला, म्हटलं, सूनबाईंना आत बोलवा की, आरतीची वेळ झाली.

वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "ती नाय येत. त्या साली तिचा पयला गनपती व्हता, निवेद तिनाच केलान. आनि पाळी लपवलान. म्हनून देव गेला नाय."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. तिने कबूल केलं का, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, कबूल कसली करतेय, उलट तोंड वर करून म्हणाली की मूर्ती प्लास्टरची आहे, खरवडून बघा. देवालाही बोल आणि भाऊंनाही बोल. दादांना त्याचाच जास्त राग आला. तेव्हाच ठरलं, यापुढे गणपतीचे पाचही दिवस तिने पडवीत राहायचं. देवाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, स्वयंपाकाला हात लावायचा नाही.

मी तिथे उभा होतो. माझ्या हातात मोदक होता, प्रसादाचा. समोर मीच घडवलेला देव, यंदा खऱ्या शाडूचा. पडवीत ती. दोन वाक्यांचं काम होतं — दादा, ती खरं बोलली, मी खोटं बोललो. माणसं जमलेली होती, ऐकायला अख्खी वाडी होती. मी काय केलं? मोदक खाल्ला. आरतीत टाळ्या वाजवल्या. निघताना पडवीतून गेलो तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत राहिली, मी काही बोलतो का ते. मी चपला शोधण्यात गुंग झालो.

त्यानंतरही मी दरवर्षी गेलो. न जाऊन चाललं असतं, पण दादांना काय वाटलं असतं? दरवर्षी ती पडवीत. तिला मुलगा झाला, तो आत आरतीला उभा राहायला लागला, ही बाहेरून टाळ्या वाजवायची. मी मनाशी म्हणायचो, शिकलेली आहे, तिला स्वतःला तरी ठाऊक आहे की आपण काही केलेलं नाही. त्या विचारावर मी आठ वर्षं जेवलोय, झोपलोय, नवीन गिऱ्हाइकं जोडलीत.

ते व्याख्यान झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात पाट यायला लागले. दादांचे गुडघे गेलेत, म्हणून यंदा वृषाली आली. दुपारची वेळ, शेडसमोर रिक्षा थांबली. ती उतरली आणि बाजूला उभी राहिली. मागच्या सीटवर धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला पाट होता. मी म्हटलं, आण ना आत.

ती म्हणाली, "भाऊ, तुम्हीच उतरवून घ्या. मी हात लावलेला नाही. घरून निघताना सासऱ्यांनी ठेवलाय, मी पुढे रिक्षावाल्याशेजारी बसून आले."

मी म्हटलं, अगं, पाटाला हात लावलास तर काय होतंय?

"नको," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "माझ्याकडून एकदा झालंय. तेव्हा मी लहान होते, तुमच्यावर नको ते बोलले. मनात ठेवू नका."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती टोमणा मारत असेल, असं वाटलं. देवाची शपथ, मला वाटलं की हिने आता टोमणाच मारावा. पण नाही. ती खरंच माफी मागत होती. तेव्हाही मी बोललो नाही. आम्ही दोघंच होतो, रिक्षावाला पलीकडे तंबाखू मळत होता, आणि मी बोललो नाही. पाट उचलून आत नेला आणि बाहेर येऊन विचारलं, मूर्ती नेहमीच्याच मापाची ना? ती हो म्हणाली आणि रिक्षात बसली.

त्या घरात खरं काय ते ओळखणारी ती एकटी होती. आता तीही नाही. हे मी केलंय.